शुद्धीवरचे चोवीस उंदीर

हेमा वर्तकची पीएचडी शुक्रवारी एका पत्रानं रद्द झाली. शनिवारी संचालकांनी ते पत्र मागे घेतलं आणि असं पत्र निघालंच नव्हतं, असं दुसरं पत्र काढलं. तेव्हा आपणही ते निघालंच नाही असं समजू आणि बुधवारपासून सुरुवात करू.

बुधवारी तिच्या वाघोलीच्या खासगी संशोधन संस्थेत दक्षता अधिकारी दिगंबर फाटकांना उंदीरघरात बोलावणं आलं. बावीस वर्षं पोलिसात काढल्यावर उंदरांसाठी धावावं लागेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. हल्ली त्यांना काहीच वाटत नसे.

"रोज थोडीशीच दारू घेतली तर तब्येतीचं काय होतं, ते मी बघतेय," हेमा म्हणाली. "चोवीस उंदीर, तीन महिने. सकाळी दारू मिसळलेल्या पाण्याच्या बाटल्या लावायच्या, संध्याकाळी पाचला रक्त तपासायचं."

"मग?"

"तीन दिवस रक्तात दारू शून्य. चोवीसच्या चोवीस शुद्धीवर. सगळे म्हणतात, आकडे मीच बनवले."

"दिवस कुठले?"

"एक मंगळवार. तीस दिवसांनी गुरुवार. मग एकोणतीस दिवसांनी शुक्रवार."

"बाटल्या?"

"दुसऱ्या सकाळी तपासल्या. दारू होती. आणि हो, मंगळवारी पिंजऱ्यात साबुदाणा सापडला."

"तुमचा डबा?"

"मी अंडाभुर्जी आणते."

फाटकांनी रखवालदार सर्जेरावला गाठलं. "पिता का हो?"

"पितो की. पण उंदराची? येवढी वाईट येळ नाय आली, साहेब."

"संध्याकाळी इथं कोण असतं?"

"दीनानाथमामा. उंदरांचं तेच बघत्यात. कसब्यातनं येत्यात, सातला जात्यात. कधीमधी नवापातुर थांबत्यात. गच्चीवर जाऊन आभाळाकडं बघत्यात."

"का?"

"नाय इचारलं. पगारात नाय बसत."

शनिवारी संचालकांच्या खोलीत सगळे जमले.

"चोर नाही, भाविक आहे," फाटक म्हणाले. "तिन्ही दिवस संकष्टी होती. मंगळवारची तर अंगारकी. सकाळी साध्या पाण्याच्या बाटल्या लावल्या, चंद्र उगवल्यावर दारूच्या. म्हणून पाचला रक्तात शून्य आणि सकाळी बाटलीत दारू. खरं ना, दीनानाथ?"

दीनानाथ शांत होते. "अहो, गणपतीचं वाहन ते. एरवी पाजतोच ना, नोकरी आहे. संकष्टीला कसं पाजायचं?"

"आणि साबुदाणा?"

"मग अंगारकीला निराहार ठेवायचं त्यांना?"

"हेमाबाई निर्दोष," संचालक म्हणाले. "पण प्रयोग बाद. ठरलेल्या पद्धतीत तीन खाडे झाले. पुन्हा करा."

"शिष्यवृत्ती पुढच्या महिन्यात संपते. नवे उंदीर सहा महिन्यांनी मिळतात."

"हो. ते आहेच."

"बरं," हेमा म्हणाली.

बाहेरच्या बाकावर बसून तिनं अर्ज लिहिला. फाटकांनी तो वाचला आणि शिफारस म्हणून खाली सही केली.

"...तरी सदर प्रयोगातील चोवीस उंदरांना मागील तिन्ही संकष्ट्यांची, चंद्रोदयापर्यंतची रजा पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करण्यात यावी व सदर खाडे प्रयोगाच्या मूळ आराखड्यातच होते असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती."