सातव्या प्रश्नाचं बरोबर उत्तर

साठ मुलांपैकी एकोणसाठ जणांचं उत्तर चुकलं होतं आणि संशय आला होता तो बरोबर उत्तर देणारीवर.

"दुपारी तीनला चौकशी समिती बसतेय," मामा म्हणाले. वैद्यकीय कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते तीस वर्षं काचपट्ट्या सांभाळत होते. अवयवांचे पातळ काप काचेवर बसवायचे आणि वर नावाची चिठ्ठी चिकटवायची, हे त्यांचं काम. "माझ्या भाचीचं वर्ष जाणार. उत्तर मीच फोडलं म्हणतात. बाई, काहीतरी करा हो."

खासगी तपास करणाऱ्या बाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा. समोर त्यांचे दीर चहा पीत होते. भाऊजी दातांचे डॉक्टर. दवाखाना मुलाकडे सोपवल्यापासून ते वहिनींच्या मागे हिंडायचे आणि वैद्यकातलं सगळं आपल्यालाच कळतं असं समजायचे.

"सोपं आहे, वहिनी," ते रस्त्यात म्हणाले. "मामा, भाची आणि प्रयोगशाळा. आणखी काय हवं?"

"आणखी शर्टाची बटणं नीट लावा."

विभागप्रमुखांना सगळे मोठे सर म्हणत. ते वैतागलेले होते. "परीक्षा कॉम्प्युटरवर झाली. सातव्या प्रश्नात एका कापाचं चित्र होतं, ग्रंथी ओळखायची. उत्तर, लाळग्रंथी. बाकी सगळ्यांनी स्वादुपिंड दिलं. दोघी दिसायला सख्ख्या बहिणी, चूक होऊ शकते. पण हिनं चार सेकंदांत बरोबर उत्तर दिलं! चित्र मोठं करूनसुद्धा पाहिलं नाही. आणि कॉम्प्युटरवरचा चित्रांचा सरावसंच वर्षभरात एकदाही उघडलेला नाही. सगळी नोंद आहे."

"उत्तर कुणी ठरवलं होतं?"

"मी. मूळ काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून. स्क्रीनवर माझा विश्वास नाही."

"बाकीच्यांना किती सेकंद लागले?"

सर गोंधळले. "ते कशाला पाहायचं? ते तर चुकलेत."

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ऑपरेटरनं आधीच हात वर केले. "प्रश्नपत्रिकेचा पासवर्ड माझ्याकडे होता, कबूल. पण मला ग्रंथी आणि बटाटा यांतला फरक कळत नाही, बाई."

बाईंनी सगळ्यांचे सेकंद छापून घेतले. साठ आकडे होते आणि सगळे एकेरी.

"परीक्षेनंतर कुणी काही उघडलं?"

"प्रश्नपत्रिका नाही. सरावसंच तेवढा छोट्या मॅडमनी दुसऱ्या दिवशी उघडून घेतला. चित्रं उजळ करायची म्हणाल्या. पण मला तरी ती अजून तेवढीच काळपट दिसतात."

छोट्या मॅडम म्हणजे हा सरावसंच एकटीनं तयार करणाऱ्या नव्या व्याख्यात्या. त्यांचे डोळे सुजले होते. "संच उघडून पाहा," त्या तुटकपणे म्हणाल्या. "प्रत्येक चित्राखाली बरोबर नाव आहे. मुलं अभ्यासच करत नाहीत, त्याला मी काय करू?"

भाऊजींनी पाहिलं. नावं खरंच बरोबर होती. आता मात्र त्यांचं डोकं चालेना. संच बरोबर, मुलांनी तोच पाठ केलेला, मग सगळ्यांची एकच चूक कशी?

भाची बाहेर बाकावर बसली होती, डोळ्यांवर गडद चष्मा. "अर्धशिशीमुळे डॉक्टरांनी स्क्रीन बंद केलाय," ती म्हणाली. "परीक्षेपुरती परवानगी मिळाली. मी मामाच्या काचा पाहून शिकले. मी काहीच चोरलं नाही, बाई." आणि तिला रडू आलं.

तिच्या वर्गातला जाड्या जवळच उभा होता. "चुकलं म्हणतात, पण मला अजून पटत नाही," तो म्हणाला. "सातवा तर फुकटचा प्रश्न. तुटका कप!"

त्यानं वही उघडली. परीक्षेच्या महिनाभर आधीची तारीख. एक आकृती कान तुटलेल्या कपासारखी, खाली लिहिलेलं 'स्वादुपिंड'. दुसरी टोपीसारखी, खाली 'लाळग्रंथी'.

"या मुलाचं मुळातच चुकलंय," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, आज पहिल्यांदा कामाचं बोललात," बाई म्हणाल्या आणि आणखी तिघांच्या वह्या मागून घेतल्या.

तीन वाजता मोठ्या सरांच्या खोलीत समितीसह सगळे जमले.

"सर, तुम्ही एकीचेच सेकंद मोजलेत," बाईंनी कागद पुढे केला. "दहा सेकंद एकालाही लागले नाहीत. चित्र कुणीच मोठं केलं नाही."

"म्हणजे सगळ्यांनी चोरी केली?"

"नाही. सगळ्यांनी कापाची बाहेरची कड ओळखली. तुमची तीच ती काच वर्षानुवर्षं वापरात आहे. तिचाच फोटो संचात आणि तिचाच परीक्षेत. मुलं तिला तुटका कप म्हणतात. मामांच्या काचेवर नाव होतं लाळग्रंथी, भाची तेच शिकली. संचात त्याच कपाखाली होतं स्वादुपिंड, बाकीचे ते शिकले."

"पण वहिनी, संच बरोबर आहे! मी पाहिला."

"आज बरोबर आहे. परीक्षेआधीच्या चार वह्यांत कप आणि टोपी यांची नावं उलटी आहेत. चौघं वेगवेगळे बसून तीच चूक कशी करतील? आणि दुसऱ्या दिवशी संच उघडला, तेव्हा चित्रं काही उजळली नाहीत. नावं तेवढी जागेवर आली."

सगळ्यांच्या नजरा छोट्या मॅडमकडे वळल्या.

"चारशे चित्रं मी एकटीनं चढवली," त्या खालमानेनं म्हणाल्या. "उत्तरं पाहिली आणि पायाखालची जमीन सरकली. याच महिन्यात नोकरी कायम व्हायची होती. ही पोरगी अडकेल असं वाटलं नव्हतं. अडकली, तेव्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही. मला लाज वाटते."

मोठ्या सरांनी आरोपाचा कागद फाडला. मामांनी डोळे पुसले. सगळे उठणार, तेवढ्यात भाची म्हणाली, "सर, सातव्याचा माझा गुण काढा. मी ग्रंथी ओळखली नाही. मीसुद्धा कपच ओळखला."

"अगं, गप्प बस!" मामा ओरडले. "आत्ता कुठे वाचलीस!"

सरांनी स्वतःच्या कपाटातून एक काचपट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. "ये. ही कुणालाच दाखवलेली नाही. सांग, काय आहे."

तिनं चष्मा काढला आणि डोळा लावला. काच दोनदा सरकवून पाहिली.

"सर, मला नाही ओळखता येत."

"बरं," सर म्हणाले आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले. "आधी काय दिसतंय ते सांग."