उजवीकडचे ठोके

बाजारचा दिवस असला की डॉ. अश्विनीच्या मिरजगावच्या दवाखान्यात बाकावर जागा उरत नसे. भाजीच्या पिशव्या, बियाण्याची पोती घेऊनच लोक तपासून घ्यायला येत. त्या गर्दीत गोजरबाई नवऱ्याला घेऊन आली, तेव्हा अश्विनीला विशेष काही वाटलं नाही. अंगदकाका तिचे जुने पेशंट. रक्तदाबाची गोळी चालू होती. दिवाळीच्या आधी छातीत दुखलं म्हणून तिनं स्वतःच्या हातानं त्यांचा ईसीजी काढला होता, आणि तो चांगला निघाला होता.

“हिरीत पडले हुते, मॅडम,” गोजरबाई म्हणाली. “मोटार बगायला उतरले आन् पाय घसरला. लागलं काईच न्हाई. पर एकदा काळीज बगा ह्यांचं.”

अंगदकाका तिच्या शेजारी उभे होते. धुतलेला सदरा, चापून विंचरलेले केस, नजर समोरच्या भिंतीवर.

रजिया सिस्टरनं त्यांना टेबलावर झोपवलं. मनगटांना, घोट्यांना जेली लावून चिमटे बसवले. लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या. मग छातीच्या मधल्या हाडापासून डाव्या काखेखालपर्यंत सहा रबरी फुगे चिकटवले. मशीन घरघरलं आणि गुलाबी चौकटींचा कागद बाहेर सरकू लागला.

पहिलीच ओळ उलटी होती. जिथं लाटा वर उठायला हव्यात तिथं त्या खाली लोंबत होत्या. आणि जी ओळ धडधाकट माणसात नेहमी खाली तोंड करून असते, तिनं मान वर काढली होती.

“रजिया, हाताच्या वायरी उलट लागल्यात.”

“नाही मॅडम. लाल उजव्यालाच आहे, बघा ना.”

अश्विनीनं पाहिलं. खरंच बरोबर होतं. तरी तिनं सगळं पुसून पुन्हा आपल्या हातानं लावलं. कागद तसाच आला.

हाताच्या वायरींची अदलाबदल झाली तर हातापायांच्या ओळी बिघडतात. छातीच्या ओळींना त्याचं काही नसतं. तिथं लाट फुग्यागणिक उंच होत जाते, कारण फुगे हृदयाच्या जवळ जवळ सरकतात. इथं ती बुटकी होत गेली होती. काखेखालच्या शेवटच्या फुग्याशी तर नुसता ओरखडा उरला होता. त्या बाजूला जणू कुणी राहतच नव्हतं.

तिनं फुगे एकेक करून छातीच्या उजव्या बाजूला लावले आणि हातांच्या वायरी मुद्दाम उलट केल्या. आता आलेख पुस्तकात छापावा तसा सुरेख आला. स्टेथोस्कोप डावीकडे टेकवला, दूरवरचं काहीतरी. उजवीकडे टेकवला. ठोके स्वच्छ होते, संथ होते.

काही माणसांचं हृदय उजवीकडे असतं हे तिला ठाऊक होतं. पण ते जन्मापासून. गोजरबाईनं पिशवीतून आणलेल्या दिवाळीआधीच्या कागदावर तिचीच सही होती, आणि त्यातलं हृदय डावीकडे होतं. त्यात शंकेला जागा नव्हती.

“काका, तुमचं हृदय उजवीकडं आहे असं कधी कुणी सांगितलं होतं?”

अंगदकाकांनी सावकाश तिच्याकडे मान वळवली.

“जितं हुतं तितंच हाय,” ते म्हणाले आणि डाव्या हातानं गुंड्या लावू लागले.

ते बाहेर गेल्यावर गोजरबाई दारातच थांबली.

“ह्यांचा मस डाव्या गालावर हुता, मॅडम. आता उजव्यावर हाय. तुमी बी बगितला आसंल की.”

अश्विनीनं आठवून पाहिलं. तिनं त्यांची छाती पाहिली होती, जीभ पाहिली होती, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या होत्या. गाल काही आठवेना.

“पडले तवा मी काठावच हुते. लई हाका मारल्या. पानी हलायचं थांबलं, ताटावानी. आन् मग हे पायऱ्या चढून वर आले. पानी हललं न्हाई.”

“मावशी, घाबरलात तुम्ही. नगरला जाऊन छातीचा एक्स-रे काढून आणा.”

ते नगरला गेले नाहीत. काही दिवसांनी गोजरबाई एकटीच आली आणि टेबलाशी उभी राहून म्हणाली, “एकदा शेतावर या. मला एकटीलाच दिसतंय का, येवढं तरी कळू द्या.”

रविवारी अश्विनी स्कूटीवरून कर्जत रस्त्याला लागली. रक्तदाब बघून यायचं, असं तिनं घरी सांगितलं होतं आणि स्वतःलाही. ज्वारी हुरड्याला आली होती. वारा पडला होता. दगडात बांधलेली गोल विहीर, ऊन थेट आत उतरलेलं. दोघी काठावरून वाकल्या. पाण्यात दोन चेहरे दिसले.

मागून पावलं वाजली. अंगदकाका शेजारी येऊन उभे राहिले, तसा पाण्यात तिसरा चेहरा आला.

अंगदकाकांचे ओठ मिटलेले होते.

पाण्यातलं तोंड उघडं होतं. ते मिटत होतं आणि पुन्हा उघडत होतं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

अश्विनीनं शेजारी पाहिलं. ते शांतपणे विहिरीत बघत होते.

“चला मॅडम, च्या घ्या,” ते म्हणाले आणि खोपीकडे चालू लागले.

पाण्यात चेहरे तीनच राहिले.

आवाज कुठलाच नव्हता. पाणी हलत नव्हतं.

“रोज हाका मारतेत,” गोजरबाई हळू आवाजात म्हणाली. “वर ऐकू येत न्हाई.”

अश्विनीनं काठाचा दगड घट्ट धरला होता. “विहीर उपसून घेऊ, मावशी. माणसं बोलवू. आजच.”

“उपसली तर ते ऱ्हातील कशात?”

गोजरबाईनं आतल्या दगडांकडे बोट दाखवलं. तिथं गोल फिरलेली एक ओली रेघ होती. पाणी तिच्या वीतभर खाली गेलं होतं.

“चैतात तळ दिसतो हिचा,” ती म्हणाली. “दरसाल.”