दवाखान्याचं रुसलेलं छत

“एकोणीस टक्के!” मीटरसमोरून आकेयोचा मित्र ओडेरा ओरडला. “आकेयो, बॅटरी अजून उतरली गं!”

आकेयोने दवाखान्याच्या दारातून आत डोकावलं. आत तिचा दोन दिवसांचा भाऊ प्राणवायूच्या यंत्रावर श्वास घेत होता. वेळेआधी जन्मलेलं इवलंसं पोर ते! सरोवर खवळलेलं, बेटावरून एकही होडी सुटत नव्हती. बॅटरी संपली की यंत्र बंद. मग?

“एवढं ऊन रणरणतंय आणि वीज पुरत नाही?” ती ओचोला मिस्त्रीवर खेकसलीच. या दवाखान्याचं छतच वीज तयार करायचं. काचतंतूच्या जाड तक्त्यांच्या पोटात सौरपट्ट्या बसवलेल्या होत्या.

“बॅटरी म्हातारी झाली, पोरी,” मिस्त्रीने जांभई दिली. “वारा पडला की नवी मागवू.”

“तोवर माझा भाऊ थांबेल का, काका?”

आकेयोने आईचा कमरेला गुंडाळायचा लेसो ओढून घेतला. “ओडेरा, मी एकेक तक्ता या कापडाने झाकते. तू आत येणाऱ्या विजेचा आकडा सांग!”

ती शिडीवर चढली. वरच्या ओळीतला तक्ता झाकला.

“घसरला!”

शेजारचा झाकला.

“परत घसरला!”

मग खालच्या ओळीतला.

“ढिम्म! अगं, झाक की!”

“झाकलाय रे, गाढवा!”

म्हणजे खालची अख्खी ओळ मेलेली! पावसाचं पाणी टाकीत नेणारी नवी पन्हळ तिथेच होती, आणि तिचे चकचकीत स्क्रू थेट तक्त्यांत घुसले होते.

“काका, ही पन्हळ सोमवारी तुम्हीच ठोकलीत ना?”

“मग? तीस वर्षं पत्र्यांना अशीच ठोकतोय!”

“हा पत्रा नाही हो! याच्या पोटात तारा आहेत!”

मिस्त्रीचा चेहरा खर्रकन उतरला. दवाखान्याच्या मिलिसेंट सिस्टरांनी छत बसवणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला. तो सांगेल तसं मिस्त्रीने आधी वीज थांबावी म्हणून छतावर पांघरुणं टाकली, मग तुटलेल्या तारांना बाहेरून जोड द्यायला घेतला. बॅटरी चारवर आली. यंत्र पिंपिं करू लागलं. बाळाचे ओठ निळे पडले.

“ओढा पांघरुणं!” शेवटचा जोड बसताच मिस्त्री ओरडला.

क्षणभर काहीच नाही. आणि मग मीटरसमोरून ओडेराचा आवाज, “चढला! आकडा चढला!”

पिंपिं थांबली. थोड्या वेळाने आतून बारीक रडणं ऐकू आलं. दोन दिवस न रडलेली आकेयो शिडीच्या पायरीवर बसून हमसाहमशी रडली.

“शाबास गं, बाई!” सिस्टर म्हणाल्या. “आणि तूसुद्धा, ओडेरा!”

“चूक माझी,” मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाला. “यापुढे या छताला हात लावायच्या आधी या दोघांना विचारीन.”

आईने आकेयोला जवळ बोलावलं. आकेयोने बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं. त्याने ते घट्ट धरलं.