बिननावाचं आवतण

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. माझ्यासोबत जे घडलं ते सांगते, एवढंच.

तारीख, २८ एप्रिल २०२३. शुक्रवार. पहाटेचे पाच. जागा, नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याच्या पुढे तापीकाठचं एक गाव. नाव सांगणार नाही. तिथली माणसं अजून तिथेच राहतात आणि आधीच माझं नाव काढलं की थुंकतात.

मी हेमांगी. माहेर सांगली, सासरही सांगलीच. नवरा भाग्येश, साखर कारखान्यात केमिस्ट. त्याला तिकडे नोकरी लागली आणि आम्ही गावात भाड्याने घर घेतलं. मागे अंगण, अंगणात चूल, पलीकडे केळीचा मळा. मला वाटलं, चला, मजेत राहू.

कसली मजा!

गल्लीत सगळं अहिराणी. मी बोलले की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. दोन वर्षं झाली तरी माझं नाव एकच... "भायेरनी." म्हणजे बाहेरची.

आणि माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आईच सांगते. मार्चमध्ये नळावर सरलाकाकूंशी वाजलं. सरलाकाकू म्हणजे शेजारच्या, गल्लीतल्या सगळ्यांत मोठ्या. माझा हंडा बाजूला सारून म्हणाल्या, "हाऊ नळ तुन्हा गावना नही शे!"

मी पण म्हटलं, "मग पाणी काय तुमच्या माहेरून येतं का?"

झालं. त्या दिवसापासून गल्ली माझ्याशी बोलेना. पाण्यात राहून माशाशी वैर!

एकच जण बोलायची. दीपमाला. सरलाकाकूंची सून. सासू झोपली की भिंतीवरून डोकवायची. "ताई, वरणबट्टी करेल शे, खाशी का?" मी तिला माझी भडंग द्यायची. तिला माझी भाषा बोलता यायची नाही आणि मला तिची. तरी आमचं पोटभर बोलणं व्हायचं. त्या गावात ती नसती तर मी सहा महिन्यांत पळाले असते.

तिनेच मला बिबड्यांचा नाद लावला. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, मग पहाटे भल्या मोठ्या पातेल्यात शिजवून तिचा घट्ट घाटा करायचा. तो गरम असतानाच ओल्या फडक्यावर हाताने थापायच्या आणि खाटेवर वाळत घालायच्या. एकटीचं काम नाही. तिकडे रीत अशी, की आदल्या संध्याकाळी घरोघर जायचं. प्रत्येकीला तिच्या नावाने आवतण द्यायचं. जी येईल तिला गरम घाटा तेल घालून खाऊ घालायचा. आणि तिच्या बिबड्या असतील तेव्हा आपण जायचं.

जायचंच. चुकवायचं नाही.

दीपमाला म्हणाली होती, "आखाजीले मी माहेर जास. गुरुवारे येस. मंग आपन दोन्ही करूत."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. मी ज्वारी भिजवली. गुरुवारी दुपारी तिचा फोन. वडील आजारी, दोन दिवस येता येत नाही.

माझी ज्वारी दळून तयार. थांबले तर आंबून फुकट जाणार. संध्याकाळी मी दारात उभी राहिले. समोरच्या ओट्यावर सगळ्या बसलेल्या. एकीने मान वर केली नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी गल्लीत उभी राहून ओरडले, "उद्या पहाटे माझ्या बिबड्या आहेत! ज्या कुणाला यायचं असेल तिने या!"

ओट्यावरच्या सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या...

सरलाकाकू उठून उभ्या राहिल्या. माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत होत्या. गल्लीच्या टोकाकडे. मग त्यांनी पटकन सगळ्यांना आत पिटाळलं. बघता बघता सगळी दारं बंद झाली.

मला वाटलं, झोंबल्या मिरच्या. बरं झालं.

पहाटे उठून मी अंगणात चूल पेटवली. आत भाग्येश कूलर लावून घोरत होता. पाण्याला उकळी आली. एका हाताने पीठ सोडायचं, दुसऱ्या हाताने हाटायचं. मला जमेना. गुठळ्या व्हायला लागल्या. धुराने डोळे चुरचुरले आणि मला खरंच रडू आलं.

"एकटीच करतीयास व्हय गं?"

मी दचकले.

मागच्या फाटकाशी एक बाई उभी. डोक्यावरून पदर. फाटकाची कडी करकरते, तिचा आवाज आला नव्हता...

"सरक. दे मला."

तिने लाकडी दांडा घेतला आणि हाटायला लागली. मी बघतच राहिले. तो आवाज, ते हेल... अगदी आमच्याकडचे!

"तुम्ही कुठल्या हो?" मी विचारलं.

"मिरजेची. हितं दिलीया. रुपा माझं नाव."

मिरज! सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. मला इतका आनंद झाला, काय सांगू! दोन वर्षांत पहिल्यांदा घराबाहेरचं कुणीतरी माझ्या भाषेत बोलत होतं. मी तिला कालवणापासून गणपतीच्या जत्रेपर्यंत सगळं बोलून दाखवलं. ती नुसती "व्हय, व्हय" करत थापत होती. तिचा चेहरा मला नीट दिसला नाही. धूर सारखा तिच्याच बाजूला जात होता.

वारा नव्हता.

दुसरी एक गोष्ट तेव्हाच खटकली. घाटा इतका गरम असतो की दर वेळी हात पाण्यात बुडवावा लागतो. तिच्या शेजारी पाण्याचं भांडं होतं. तिने एकदाही हात बुडवला नाही...

उजाडायच्या आत सगळं झालं. मी तिच्यासाठी ताटलीत घाटा घेतला, वर तेल सोडलं.

"मला नगं. माझ्याकडं आलीस की दोघी बसून खाऊ. पुढच्या शुक्रवारी माझ्या हायत. निंबामागचं घर, निळं दार. येणार न्हवं?"

मी म्हटलं, "येणार म्हणजे काय! तू नुसता आवाज दे. लगेच येते."

हा माझा शब्द. मी स्वतःच्या तोंडाने दिलेला.

ती हसली असावी. मी ताटली ठेवायला वळले. परत बघितलं तर अंगणात कुणी नव्हतं.

फाटकाची कडी आतून लावलेली होती.

दुपारी उन्हाने अंगण तापलं. चव्वेचाळीस डिग्री. माझ्या बिबड्या वाळून कडकडीत झाल्या. तिच्या दोन खाटा मात्र... ओल्याच. शनिवारी ओल्या. रविवारीही ओल्या. जवळ जाऊन बघितलं. माझ्या बिबड्यांवर पाच बोटांचे ठसे. तिच्या एकीवरही ठसा नव्हता.

रविवारी संध्याकाळी दीपमाला आली. मी हौसेने सांगायला लागले, अगं मला आमच्याकडची मैत्रीण मिळाली. ती खाटांकडे बघत होती.

"ताई... तिनी काय नाव सांगं?"

"रुपा."

दीपमाला खाटांपासून मागे सरकली. "माय वं!"

तिने मला गल्लीच्या टोकाच्या कडुनिंबामागे नेलं. निळं दार. कुलूप गंजलेलं. मागे अंगणात काळी पडलेली चूल आणि एक उपडं पातेलं. त्याच्यावर धुळीचा थर होता.

दीपमाला रडत रडत सांगत गेली. मी माझ्या भाषेत सांगते.

रुपाला सात वर्षांपूर्वी मिरजेहून लग्न करून आणली होती. नवरा ट्रकवर, महिनोन्महिने बाहेर. तिचीही जीभ माझ्यासारखीच. तिचंही सरलाकाकूंशी बिनसलेलं. तरी ती बिबड्यांच्या आदल्या दिवशी रीतीने घरोघर गेली. प्रत्येकीला नावाने आवतण दिलं. सगळ्या "येतो" म्हणाल्या. आणि मग ओट्यावर बसून ठरवलं, कुणीही जायचं नाही. भायेरनीची खोड मोडायची.

ती पहाटे वाट बघत बसली. मग एकटीच घाटा करायला लागली. पातेलं उतरवताना पाय घसरला.

उकळता घाटा. सगळा अंगावर.

ती ओरडली. एकेकीच्या नावाने ओरडली. गल्लीला वाटलं, कामाला बोलावतेय. ती तिथेच संपली.

"मीबी आयकं, ताई," दीपमाला म्हणाली. "मन्हं नाव लिसन हाक मारी तिनी. सासू म्हने, बठी ऱ्हाय. मी बठी ऱ्हायनी. मी गयी नही."

मला तिचा इतका राग आला! आणि दयाही आली. मी तिचा हात धरून बसले.

त्यानंतर गल्लीत कुणी बिननावाचं आवतण देत नाही. नाव न घेता बोलावलं, की ती येऊ शकते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भायेरनीला कोण सांगणार?

"तू शुक्रवारे गावमा ऱ्हाऊ नको," दीपमाला म्हणाली. "तू गयी तर परत येवाव नही."

"आणि मी नाही गेले तर?"

ती नुसतं म्हणाली, "मी शे ना."

भाग्येशने मला वेड्यात काढलं. पण गुरुवारी रात्री मित्राच्या क्वार्टरवर झोपायला गेला, हेही खरं. दीपमालाने स्वतः मला स्कुटीवर शहाद्याला सोडलं, पुण्याच्या गाडीत बसवलं. खिडकीखाली उभी राहून तिने हात केला. मी पण केला. तेव्हा एवढंच वाटत होतं, की मी वाचले.

शुक्रवारी पहाटे पाचला मी पुण्यात स्वारगेटला उतरले. रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं. मी तोंड उघडलं...

आवाजच नाही.

खोकले, पाणी प्याले. काही नाही. घसा दुखत नव्हता, काही नाही. फक्त माझा आवाज माझ्याजवळ नव्हता.

आणि माझ्या हातांना घाट्याचा वास येत होता.

दुपारी बारा वाजता आवाज परत आला. पाठोपाठ भाग्येशचा फोन आला. तो रडत होता.

दीपमाला पहाटेपासून घरात नव्हती. शोधून शोधून शेवटी निळ्या दाराच्या मागे सापडली. कोपरापर्यंत दोन्ही हात भाजलेले. सोलून निघालेले. चूल थंड होती. राखेवर मांजराचं पाऊलसुद्धा नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर ती एवढंच बोलली, की ताईनी हाक मारी. माझाच आवाज. "दीपमाला, ये गं, मला एकटीला होईना."

मी सरलाकाकूंना फोन केला. त्या कडाडल्या, "तूच तिले बलावं! मी सोता आयका तुन्हा आवाज! पुन्हा या गावमा पाय ठेवू नको!" आणि फोन आपटला.

दीपमालाने मला स्वतः गाडीत बसवलं होतं. मी गावात नाही, हे सगळ्यांत जास्त तिलाच ठाऊक होतं. तरी ती गेली. का गेली, ते मला माहीत आहे. एकदा हाक ऐकून ती बसून राहिली होती.

मी परत गेले नाही. भाग्येशने नोकरी बदलली. सामान टेम्पोने आलं. मी दीपमालाला किती फोन केले, ती उचलायची नाही. भेटायला जावं असं हजारदा वाटलं. गेले नाही. भिले, दुसरं काय!

आता यंदाची गोष्ट. याच सोमवारी सांगलीच्या घरी कुरिअर आलं. खोका. पाठवणारीचं नाव दीपमाला. आत बिबड्या. मला हुंदका फुटला. म्हटलं, माफ केलं पोरीने मला.

एक उचलली. ठसा नव्हता. भाग्येश म्हणाला, "अगं, तिची बोटं भाजली होती ना, कसे उमटणार ठसे?"

पटलं. पण चार दिवस प्रवास करून आलेल्या त्या बिबड्या... ओल्या होत्या.

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"दीपमाला? अगं कशी आहेस तू?"

बराच वेळ नुसतं काहीतरी हाटल्याचा आवाज. खदखद... खदखद...

मग आवाज आला. आवाज दीपमालाचाच. ती पोर, जिला जन्मात अहिराणीशिवाय दुसरं बोलता आलं नाही...

"पोचल्या व्हय गं? शुक्रवारी माझ्या हायत. आता आवाज दिलाय. येणार न्हवं?"

मी फोन ठेवला. नंतर लावला तर बंद लागतो.

आज गुरुवार आहे. भाग्येश म्हणतो, दार लावून झोप, काही होत नाही. पण मी सकाळपासून सरलाकाकूंचा नंबर फिरवतेय. दीपमाला कशी आहे, एवढंच मला कुणीतरी सांगा. गल्लीत कुणीही माझा फोन उचलत नाही.