सेइगो चालत आला तो दिवस

भरलेला पेला तसाच परत आला, असं माझ्या बाबतीत त्याआधी कधी झालं नव्हतं.

चुलत भावाच्या नव्या होडीची मेजवानी होती. बाहेर भुरभुर पाऊस, आत भाजलेल्या माशाचा वास. मला जागा मिळाली ती एका अनोळखी माणसासमोर. होडीचं इंजिन त्यानेच बसवलं होतं, नाव सेइगो. आमच्या तोसा प्रांतात ओळख होते ती अशी – आपल्याच पेल्यात साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतून तो समोरच्याला द्यायचा, त्याने तो रिकामा करायचा आणि आपल्यासाठी भरून परत द्यायचा. मी पेला पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, थोडा वेळ धरून ठेवला... आणि न पिताच परत दिला.

"माफ करा. गाडी आणलीय."

"मला वाटलं, मी आवडले नाही."

"तसं असतं तर इतका वेळ धरून ठेवला असता का?" तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. एक थेंबही न पिता.

त्या लाल कानांनी माझा घात केला.

मग प्रत्येक मेजवानीला मी आधी दारात त्याची पांढरी गाडी शोधायची. ती असायचीच. आणि निघताना तिच्या पुढच्या सीटवर रिएको-सान असायची. बंदरावर तिचं केस कापायचं दुकान. ती हसली की सगळं घर वळून बघायचं. मी पुलावरून एकटी चालत घरी जायची आणि त्यांची गाडी शेजारून निघून जायची. आत दोघं काहीतरी बोलत असायची. काय बोलत असतील, ते मी घरापर्यंत ठरवत राहायची, आणि दर वेळी वाईटच ठरवायची.

एकदा धक्क्यावर मी त्याला गाठलंच.

"तुमच्या गाडीला मागची सीट आहे की नाही?"

"आहे. पण तिथे इंजिनाचे भाग असतात. तेलकट."

"आणि पुढची राखून ठेवलेली."

तो फडक्याने हात पुसत राहिला. "चिझुरु-सान, तुमच्या हाताला आल्याचा वास येतो."

"आल्याच्या गोदामात काम करते, गुलाबाचा कुठून येणार? विषय बदलू नका."

"बदलत नाही... आवडतो म्हणतोय."

पुन्हा तेच कान. पण पुढच्या सीटबद्दल अवाक्षर नाही.

मग मी रिएको-सानच्या दुकानात जाऊन बसले. तिने माझे केस ओले केले, कंगवा फिरवला. "किती कापू?"

"तुम्ही सेइगो-सानच्या कोण?"

कात्री थांबली. तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "अगं, एवढंच विचारायचं होतं तर केस कशाला भिजवून घेतलेस?" मग ती शेजारच्या खुर्चीवर बसली. "माझ्या पेल्यात कधी साके पाहिलीस? चहा असतो. मी दारू सोडलेली बाई आहे. देवळामागे आमच्यासारख्यांची बैठक भरते, तिथे तो भेटला. घरी जाताना वळणावर साकेचं दुकान लागतं ना... तिथे तो एकटा नको, म्हणून शेजारी बसते."

हे ऐकून माझा मत्सर निवायला हवा होता. उलट वाढला. त्याचं सगळ्यात दुखरं जे होतं, ते तिला ठाऊक होतं. मला नुसते कान ठाऊक होते.

"मग ते सगळ्यांना सांगत का नाहीत?"

"मी सांगून टाकलं. त्याला जमत नाही. आधी पोटाचं औषध चालू आहे म्हणायचा, आता गाडी. निमित्त आहे तोवर दार किलकिलं आहे, चिझुरु. ज्या दिवशी गाडी बंद पडेल, त्या दिवशी काय? मला त्याचीच धास्ती वाटते."

मी तशीच, ओल्या केसांनी, धक्क्यावर गेले.

"देवळाच्या उत्सवाला आमच्या काकांकडे जेवायला या. चालत या."

त्याने माझ्या केसांकडे पाहिलं. "रिएको-सान बोलली वाटतं."

"हो."

"चालत आलो, तर काकांना काय सांगू?"

"खरं."

"खरं ऐकून ते मला पुन्हा बोलावणार नाहीत."

"बोलावणारी मी आहे."

"आणि सांगायचं सोडून प्यालोच तर?"

"तर मी तिच्यापुढे हरले, असं समजेन."

"रिएको-सानपुढे?"

"बाटलीपुढे."

उत्सवाच्या दुपारी मी चारदा दाराशी जाऊन आले. गाडी नव्हती. तो येणारच नाही, असं मनाशी धरलं, तेवढ्यात पुलावर दिसला... चालत, एकटा, अंगात इस्त्रीचा सदरा.

काकांनी त्याला बसवलं आणि घरातला खास पेला काढला. लांब नाकाच्या राक्षसाच्या तोंडाचा. रिकामा होईपर्यंत तो खाली ठेवताच येत नाही, कलंडतो. काकांनी तो काठोकाठ भरला.

"आज गाडी दिसत नाही," ते खुशीत म्हणाले. "आता कुठे पळशील, बाळा?"

सेइगो गुडघ्यांवर नीट बसला.

"काका, मी दारुडा आहे. एक पेला घेतला तर थांबता येत नाही. म्हणून सोडलीय... कायमची. गाडी हे निमित्त होतं. आता निमित्त सांगणार नाही."

काका भरलेला पेला हातात घेऊन अडकले. ठेवावा तर सांडणार. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि शेवटी स्वतःच तो घटाघट पिऊन टाकला.

"ठेवता येत नाही म्हणून प्यालो," ते काकूंकडे बघत पुटपुटले. मग माझ्याकडे वळले. "चिझु, पाहुणा कोरडा बसलाय. त्याला काहीतरी दे की."

मी माझा पेला धुतला, त्यात गरम चहा ओतला आणि पुढे केला. त्याने दोन्ही हातांनी घेतला, तळ दिसेपर्यंत प्याला आणि चहाने भरून मला परत दिला. पाहुण्यांमध्ये कोपऱ्यात बसलेली रिएको-सान खळखळून हसली. सगळं घर तिच्याकडे वळलं. सेइगो वळला नाही.

दिवेलागणीला आम्ही पुलावरून चालत निघालो.

"तिची आठवण येते?" मी विचारलं.

"रिएको-सानची?"

"दारूची."

तो खोटं बोलला नाही. "येते. रोज."

माझ्याआधी कितीतरी वर्षं ती त्याच्याजवळ होती.

"मग काय करता?"

"गाडीत जाऊन बसतो, काचा लावून. आठवण निघून जाईपर्यंत." तो कठड्याशी थांबला. "पण आता गाडीत लपायचं नाही, असं ठरवलंय... मग कुठे जाऊन बसू?"

"आमच्या अंगणात एक बाकडं आहे," मी म्हणाले. "दोघांपुरतंच. रिएको-सानला जागा नाही."