बासष्ट इंचांचा रूळ

हसायचं त्याने खुशाल हसावं. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी, मागच्या खोलीत हे घडलं. हिवाळा होता. दुपारचे साडेतीन वाजलेले. भुताखेतांची वेळच नव्हे ती!

ताई भूमितीची मास्तरीण. निवृत्त झाली आणि तिने एकच ध्यास घेतला. आमचे बाबा रेल्वेच्या ज्या यार्डात शंटर होते, मालगाडीचे डबे जोडायचे-सोडायचे, त्याचं हुबेहूब छोटं मॉडेल करायचं.

बाबा त्याच यार्डात गेले.

वाघिणी ओढत इंजिन ज्या रुळावर मागे सरकायचं, तिथे यार्ड आखणाऱ्या साहेबांच्या नकाशाप्रमाणे बारा वाघिणी मावत होत्या. बाबांनी बाराच जोडल्या. रूळ आधीच संपला. इंजिन टोकाच्या अडथळ्यावर आदळलं आणि हिसका बसलेल्या वाघिणींमध्ये बाबा सापडले.

चौकशीत ठरलं, शंटरने तेरावी जोडली.

आम्ही तेव्हा दोन वेण्यांच्या पोरी. वर्गातल्या मुली म्हणायच्या, "तुमच्या बाबांना मोजता येत नव्हतं."

पन्नास वर्षांनी ताईने त्या बंद यार्डात जाऊन स्वतः टेप लावला. घरी येऊन प्लायवूडवर पेन्सिलीने, प्रमाणात, सगळे रूळ आखले. तो रूळ आला बासष्ट इंच. एक इंजिन आणि अकरा वाघिणी. बस्स.

रेल्वेच्या पेन्शनरांचं प्रदर्शन होतं. तिथे ती हे चारचौघांत मांडणार होती.

ती चहा ठेवायला उठली. आणि मागच्या खोलीतून...

खर्र... खर्र...

खोडरबर घासल्याचा आवाज.

भाऊजी पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. घरात तिसरं कोणी नव्हतं.

ती धावत गेली. प्लायवूडवर रबराचा चुरा पडला होता. हात लावला तर... कोमट.

टोकाची खूण पुसून रेघ सदुसष्ट इंचांची झाली होती. बरोब्बर एक वाघीण जास्त.

"तूच पुसली असशील," भाऊजी म्हणाले. "हल्ली चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतेस."

"चष्मा विसरेन. बाबांचा रूळ नाही विसरणार."

तिने पुन्हा बासष्ट आखली. दुसऱ्या दिवशी साडेतीनला पुन्हा तेच. या वेळी रेघेखाली आकडाही होता. तिरका, टोकदार सदुसष्ट. ताईने यार्डाच्या जुन्या नकाशाची प्रत काढली आणि शेजारी धरली.

तेच अक्षर. खाली साहेबांची सही.

साहेबांना जाऊन वीस वर्षं झाली होती.

भाऊजींचा चेहरा उतरला. "सोड गं हे. गेलेल्या माणसाशी वैर कशाला?"

"वैर मी नाही धरलं. मेले तरी यांची खोड जात नाही!"

तिने हातोडा घेतला. बासष्टाव्या इंचावर तीन इंची खिळा आरपार ठोकला. मग रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "रेघ पुसता ना? आता हा पुसा!"

खोली गप्प झाली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा...

ऐकू येईना.

ताई जागची हलली नाही. "मी शंटरची मुलगी आहे," ती म्हणाली. "मला मोजता येतं."

प्रदर्शनात एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने स्वतः इंजिन ढकललं. बारावी वाघीण रुळावर मावेना, मागच्या सांध्यावरच अडकली. त्याने तीनदा मोजून पाहिलं. मग टोपी काढली. "म्हणजे शंटर खरा होता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

मला वाटलं, संपलं.

मागच्या आठवड्यात तिच्याकडे गेले होते. मॉडेल पुन्हा मागच्या खोलीत आहे. बासष्टाव्या इंचावर आता नऊ खिळे आहेत. आठ वाकलेले... अंगठ्याने दाबून वाकवावेत तसे. नववा सरळ.

"ताई, मॉडेल देऊन टाक कोणाला तरी," मी म्हटलं.

"का म्हणून?" ती म्हणाली. "खिळ्यांचा अख्खा डबा आणलाय."

त्या खोलीला पाठ करून मला चहा पिववेना.