लाल ठिपका

ताईचा फोन आला तेव्हा वाटलं, नेहमीचंच काम असेल. भाऊजींचा जुना, पाठीमागे पोट सुटलेला मॉनिटर धड चालत नव्हता. चित्र आकसायचं, थरथरायचं. भाऊजी जाऊन वर्ष होत आलं होतं. दुरुस्तीचं काम मला त्यांनीच शिकवलं, आणि मेव्हणी म्हणून छळत छळत शिकवलं.

ताईकडे जाऊन मागचं झाकण काढलं. आतले वीज साठवणारे कपॅसिटर फुगले होते.

"सगळे बदलू नकोस," ताई हळूच म्हणाली. "बंद केला की काचेत ते दिसतात... माझ्या मागे, खुर्चीत. नवे घातलेस आणि ते गेले तर?"

पण फुगलेला कपॅसिटर कधी फुटेल याचा नेम नाही, आणि ताई घरात एकटी. भाऊजींचाच नियम होता, एक गेला की सगळे बदलायचे. क्षमता तेवढीच ठेवायची. व्होल्ट जुन्यापेक्षा जास्त चालतील, कमी अजिबात नाही. तपासून झालं की प्रत्येकाच्या डोक्यावर ते ताईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देत. माझ्या नखांपेक्षा या कपॅसिटरांचाच नट्टापट्टा जास्त, असं ताई म्हणायची.

मी सगळे बदलले. चित्र लख्ख आलं. मग मॉनिटर बंद केला. काचेत आम्ही दोघी होतो आणि मागे रिकामी खुर्ची. ताईकडे बघवेना.

झाकण लावायला उचललं, तेवढ्यात नेलपॉलिशचा वास आला. ताईकडची बाटली तर कधीच वाळून गेली होती. मी वाकून आत पाहिलं. नव्या कपॅसिटरांवर लाल ठिपके होते... एक सोडून.

त्या एकावरचे आकडे वाचले आणि अंगावर काटा आला. दोनशे व्होल्टच्या जागी मी एकशे साठचा बसवला होता. तो चार दिवससुद्धा टिकला नसता.

साठलेली वीज उतरवली आणि दोनशे व्होल्टचा लावला. भीतीपेक्षा रडूच जास्त येत होतं. अवजार बाजूला ठेवून परत वळले, तर त्याच्याही डोक्यावर ठिपका होता. मी बोट पुढे केलं. ताईने माझं मनगट धरलं.

"थांब," ती शांतपणे म्हणाली. "ओला आहे अजून."